गोड-खारे पोर्क चॉप्स: मध घालायची घाई नको

पोर्क चॉप बिघडतो तो बहुधा दोनच प्रकारे. एक तर आतून इतका कोरडा आणि वातड होतो की प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो, नाही तर बाहेरून काळा पडतो आणि हाडाजवळ कच्चाच राहतो. गोड-खाऱ्या चवीचे चॉप करताना दुसरा धोका जास्त, कारण नवशिके मांसाला आधीच मध किंवा साखर चोळतात आणि मग ते सणसणीत तापलेल्या तव्यावर टाकतात. साखरेला तेवढा दम नसतो. मधातली फळसाखर साधारण ११० अंश सेल्सिअसपासूनच रंग धरू लागते, साधी साखर १६० च्या आसपास. मांस खरपूस करायला तापवलेला तवा सहज २०० च्या पुढे असतो. मांस शिजायच्या आत साखर करपते आणि तो कडवटपणा मग कशानेही झाकत नाही.

म्हणून इथे दिलेली सगळी पद्धत एका क्रमावर उभी आहे: मीठ सगळ्यात आधी, गोड सगळ्यात शेवटी. मध्ये फक्त मांस आणि तवा. प्रमाण चार जणांचं आहे.

चॉप कोणता घ्यावा

चॉप म्हणजे डुकराच्या पाठीच्या कण्यालगतच्या लांबट स्नायूचा आडवा काप. या स्नायूला फारसं काम नसतं, त्यामुळे तो मऊ असतो. पण त्यात चरबीही कमी असते, आणि म्हणूनच थोडा जास्त शिजला की लगेच कोरडा पडतो. पोर्कच्या इतर भागांसारखा हा तासभर रटरटत ठेवून सुधारत नाही, उलट हाताबाहेर जातो.

दुकानात चार-पाच प्रकार दिसतील. बरगडीचं हाड एका कडेला असलेला रिब चॉप नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा. एकसंध मांस, कडेला चरबीची पट्टी, शिजतोही सारखा. मधल्या भागाच्या चॉपमध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखं हाड असतं आणि हाडाच्या दोन बाजूंना दोन वेगळे स्नायू असतात. लहान बाजू अधिक कोवळी असल्यामुळे ती आधी शिजून जाते, तेव्हा तिथे थोडं लक्ष द्यावं लागतं. खांद्याकडचा चॉप चरबीदार आणि चविष्ट, पण त्यात चिवट पापुद्रे असतात. तो झाकण ठेवून मंद आचेवर वेळ देऊनच करावा, या पद्धतीला तो चालणार नाही. बिनहाडाचा चॉप चालतो, पण तो लवकर शिजतो, म्हणजे चुकायला वावही कमी.

जाडीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. अडीच ते तीन सेंटिमीटर हवी. एक सेंटिमीटरचे पातळ काप बाहेरून सोनेरी होईपर्यंत आत सुकून गेलेले असतात. पाकिटात जाड चॉप नसतील तर खाटकाकडून कापून घ्या. मांसाचा रंग गुलाबी ते लालसर असावा. फिकट, राखाडी, पाणी सुटून थबथबलेलं मांस असलं तर दुसरं पाकीट बघा. आणि पाकिटावरचा बारीक मजकूर जरूर वाचा: काही ठिकाणी पोर्कमध्ये आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तसं असेल तर पुढची मिठाच्या पाण्याची पायरी गाळा, नाहीतर ताटात खारट दगड येतील.

काय काय लागेल

मांसासाठी: हाडासकट ४ चॉप (प्रत्येकी साधारण २५० ग्रॅम), १ लिटर पाणी, ५० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम साखर, ताजी भरडलेली मिरी, २ मोठे चमचे रिफाइंड तेल.

सॉससाठी: १ मध्यम कांदा उभा पातळ चिरून, १ घट्ट, आंबटगोड सफरचंद फोडी करून (साल ठेवली तरी चालते), ४ लसूण पाकळ्या बारीक चिरून, २ मोठे चमचे सफरचंदाचं व्हिनेगर, १५० मिलिलिटर चिकन स्टॉक किंवा नुसतं पाणी, १ मोठा चमचा तयार मस्टर्ड, २ लहान चमचे सोया सॉस, ३ मोठे चमचे मध, ३० ग्रॅम थंड लोणी.

साधनांमध्ये एक जाड बुडाचा लोखंडी किंवा स्टीलचा पॅन, एक चिमटा आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर. थर्मामीटरला चैनीची वस्तू समजू नका. चॉप करताना माणूस ज्या एका प्रश्नावर अडतो, ‘झाला का?’, त्याचं खात्रीचं उत्तर फक्त तोच देतो. पातळ कोटिंगचा नॉनस्टिक तवा इथे नको. तो मोठ्या आचेवर रिकामा तापवायचा नसतो, आणि त्याच्यावर सॉसला लागणारी बुडाची खरपूड धरतही नाही.

आधी मीठ

कपभर पाणी कोमट करून त्यात मीठ आणि साखर विरघळवा, मग उरलेलं थंड पाणी घालून ते पूर्ण गार होऊ द्या. चॉप त्यात बुडवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. एक तास पुरेसा, दोन तास उत्तम. रात्रभर मात्र नको, पोत हॅमसारखा होत जातो.

हे कशासाठी? मिठामुळे मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि शिजतानाही पाणी धरून ठेवतात. म्हणजे तव्यावर मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी चॉप तुम्हाला माफ करतो. शिवाय मीठ आतपर्यंत मुरतं. वरून भुरभुरलेलं मीठ पृष्ठभागावरच राहतं आणि आतला घास अळणी लागतो. पाण्यातली साखर चवीपुरती आहे. ती एवढी विरळ असते की तव्यावर करपत नाही, फक्त रंगाला जरा मदत करते.

पाण्याचा व्याप नको असेल तर कोरडं मीठही चालतं: किलोभर मांसाला साधारण १० ग्रॅम, म्हणजे दीडेक लहान चमचा. सगळीकडून चोळा आणि चॉप जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते. पृष्ठभाग सुकतो, त्यामुळे रंग झकास येतो. फक्त वेळेचं नियोजन आधी करावं लागतं.

चॉप फ्रीझरमधले असतील तर आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. विसरलात तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर उघडं ठेवून किंवा गरम पाण्यात टाकून वितळवू नका. आत बर्फ असतो तोवर बाहेरचा थर जंतूंना हवा तसा उबदार झालेला असतो.

तव्यावर जायच्या आधी

चॉप बाहेर काढा, मिठाचं पाणी ओतून द्या (ते पुन्हा वापरायचं नाही) आणि मांस कागदी टॉवेलने टिपून खडखडीत कोरडं करा. दोन्ही बाजू, कडा, हाडाची खाच, सगळं. ओल्या मांसाला तव्यावर रंग येत नाही. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी थर धरायला साधारण १४० लागतात. तोवर मांस नुसतं वाफेवर उकडत राहतं. मांस नळाखाली धुवायची सवय असेल तर ती इथे सोडा. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात, आणि जे मारायचे ते तव्याची उष्णताच मारते.

आता कडेची चरबीची पट्टी बघा. चरबी आणि मांस यांच्यामध्ये एक पांढरट पापुद्रा असतो. तापला की तो आवळतो आणि चॉप वाटीसारखा वाकतो, मग मधला भाग तव्याला टेकतच नाही. त्यासाठी पट्टीला तीन-तीन सेंटिमीटरवर सुरीने चिरा द्या. चीर चरबी आणि पापुद्रा कापेल एवढीच, मांसात शिरू देऊ नका. शेवटी मिरी भुरभुरा. मीठ आता अजिबात नको.

कांदा, सफरचंद, लसूण चिरून, सॉसची मोजमापं वाट्यांत काढून हाताशी ठेवा. चिरायचं ते मांसाला हात लावायच्या आधी किंवा वेगळ्या पाटावर. एकदा तवा तापला की बरणीचं झाकण उघडत बसायला सवड मिळत नाही.

तवा

पॅन मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. तेल घाला. तेल पाण्यासारखं पातळ होऊन पॅनभर फिरायला लागलं आणि कडेला धुराची पहिली बारीक रेघ दिसली की वेळ झाली. लोणी आत्ता नाही, त्यातला दुधाचा अंश या तापात जळतो.

पहिल्यांदा चॉप आडवे टाकूच नका. चिमट्यात धरून चरबीच्या कडेवर उभे करा, दीड-दोन मिनिटं. दोन चॉप एकमेकांना टेकवून एकदमही धरता येतात. पट्टी आधी पांढरी, मग पारदर्शक, मग सोनेरी होते आणि तिची चरबी वितळून पॅनमध्ये उतरते. पुढचं सगळं त्यातच होतं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग ताटात चरबीची रबरासारखी पट्टी बाजूला काढून ठेवतात.

आता चॉप आडवे ठेवा, एकमेकांत दोन बोटांचं अंतर सोडून. पॅनमध्ये चार मावत नसतील तर दोन-दोन करा. गर्दी केली की पॅन गार पडतो आणि पाणी सुटतं. आवाज ऐकत राहा. सुरुवातीला जोरदार चरचर असते, ती हळूहळू बारीक तडतडीवर येते. जोराची चरचर थांबून ‘बुडबुड’ ऐकू आली तर आच कमी पडतेय. तीन-चार मिनिटं हलवू नका. मांस पॅनला चिकटलेलं वाटलं तर अजून थांबा, थर नीट धरला की ते स्वतःच सुटतं. उचलून बघितल्यावर खालून भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी रंग दिसला की उलटा.

दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं. मग आच मध्यमपेक्षा कमी करा आणि दर मिनिटाला उलटत राहा. एकदाच उलटायचं असा नियम सांगणारे पुष्कळ भेटतील, पण खरपूस थर आल्यावर वारंवार उलटल्याने आतली उष्णता सारखी पसरते, नुकसान काही होत नाही. थर्मामीटर चॉपच्या कडेतून, आडवा, मध्यापर्यंत घाला. वरून खाली खुपसला तर टोक तव्याजवळ जातं आणि आकडा खोटा येतो. हाडाला टेकला तरी तसंच. ५७-५८ अंश दिसले की चॉप ताटलीत काढा. अजून शिजायचे आहेत, घाबरू नका. ६३ अंशांपर्यंत न्यायचं राहिलेलं काम सॉसमध्ये होईल.

६३ हा आकडा कुठून आला

पोर्क पांढराफटक होईपर्यंत शिजवायचा, ही जुनी शिकवण होती. कच्च्या पोर्कमधून ट्रायकिनेला नावाची कृमी पोटात जायची, त्या भीतीने लोक मांस पार कोरडं होईपर्यंत शिजवूनच खात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अखंड कापांसाठी ही मर्यादा ७१ वरून ६३ अंशांवर आणली, सोबत किमान तीन मिनिटं मांस न कापता ठेवण्याची अट. तेवढ्यात त्या कृमीचाही निकाल लागतो. खिम्यासाठी मात्र ७१ च, कारण दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात.

६३ ला कापलेला चॉप आत किंचित गुलाबी आणि रसदार असतो. ७० च्या पुढे स्नायूंचे तंतू आवळून पाणी बाहेर पिळून काढतात, वातडपणा तिथूनच येतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. नीट शिजलेलं मांसही हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं आणि कधी कधी कमी शिजलेलं राखाडी दिसतं. घरात गरोदर बाई, अगदी म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी असेल तर त्यांचा चॉप खुशाल दोन-चार अंश पुढे न्या. मिठात मुरलेला असल्यामुळे तो तेवढं सोसतो.

आता सॉस, आणि मध

पॅन धुवायचा नाही. जास्तीची चरबी ओतून एखादा मोठा चमचा ठेवा. बुडाला तपकिरी खरपूड असेल तर उत्तम, तीच सॉसची खरी चव. पण ती काळी पडली असेल तर मात्र कागदाने पुसून टाका, नाहीतर सगळा सॉस कडू.

मध्यम आचेवर कांदा परता. त्याला सुटलेल्या पाण्याने बुड थोडं सुटायला लागेल. कांदा मऊ झाला की सफरचंदाच्या फोडी घाला, दोन-तीन मिनिटांत त्यांच्या कडा सोनेरी होतात. मग लसूण, अर्धं मिनिट. लगेच व्हिनेगर ओता आणि तोंड जरा मागे घ्या, उठणारी वाफ नाकात झणझणते. लाकडी चमच्याने बुड खरवडून सगळी खरपूड सोडवा. स्टॉक, मस्टर्ड, सोया सॉस घाला आणि उकळी येऊ द्या. ताटलीत चॉपखाली जमलेला रसही आत ओता. तो अजून पुरता शिजलेला नाही, म्हणून उकळत्या सॉसमध्येच जायला हवा.

सॉस निम्मा आटला की मध घाला. आता त्याला जळायची भीती नाही. पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान फार चढत नाही. एखाद्या मिनिटात बुडबुडे मोठे, संथ आणि चकचकीत होतात, चमचा बुडवून काढला तर पाठीवर सॉसचा थर राहतो. इथेच थांबा. पाकासारखा तार येईपर्यंत नेलात तर ताटात गार होताच चिक्की होईल.

चव आत्ताच बघा, चॉप परत घालायच्या आधी. नवशिक्याचा हात इथे बहुतेक वेळा मिठाकडे जातो, आणि कमी पडलेलं असतं ते आंबट. फार गोड लागत असेल किंवा चव नुसतीच सपाट वाटत असेल तर व्हिनेगरचे थेंब घाला, एका वेळी अर्धा लहान चमचा. खारट झालं असेल तर पाणी आणि थोडं जास्त लोणी. मुरलेलं मांस, सोया सॉस आणि स्टॉक तिन्ही खारे असतात. स्टॉकचा क्यूब वापरणार असाल तर निम्माच वापरा.

चॉप सॉसमध्ये ठेवा, वरून चमच्याने सॉस घालत एक-दोन मिनिटं उलटसुलट करा. थर्मामीटर ६३ दाखवू लागला की आच बंद. चॉप स्वच्छ ताटात काढा, मघाची अर्धकच्च्या मांसाची ताटली त्यासाठी नको. पॅनमध्ये थंड लोणी घालून, पॅन गोल फिरवत विरघळवा. सॉस दाट आणि तुकतुकीत होतो. तीन-चार मिनिटांनी सॉस, कांदा आणि सफरचंद चॉपवर ओता आणि वाढा.

सोबत काहीतरी सौम्य हवं जे सॉस शोषून घेईल. बटाट्याचा लगदा, साधा भात, पाव, जे असेल ते. आणि काहीतरी हिरवं, कडवट किंवा करकरीत, नाहीतर गोडाने तोंड मिटतं. लहान मुलांना हाडावरून कापूनच द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध शिजवलेलाही चालत नाही, त्याच्या ताटात हा सॉस नको.

गोडाची अदलाबदल

मधाऐवजी ब्राऊन शुगर चालते, तिच्यातल्या मळीमुळे रंग आणि चव गडद होते. मेपल सिरप पातळ असतं, म्हणून एखादं मिनिट जास्त आटवा. जर्दाळूचा जॅम फार सोयीचा, त्यातल्या पेक्टिनने सॉस आपोआप दाटतो. संत्र्याचा रस घेणार असाल तर स्टॉक निम्मा करा आणि व्हिनेगर अर्ध्यावर आणा. अननसाचा रस सॉसमध्ये उकळून छान लागतो, पण कच्च्या ताज्या अननसात चॉप मुरवत ठेवू नका. त्यातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं आणि मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

सहा-आठ जण जेवायला असतील तर तव्यावर फक्त रंग आणा, चॉप ट्रेमध्ये मांडा आणि १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ५७-५८ पर्यंत न्या. साधारण सहा-सात मिनिटं लागतील, पण पाचव्या मिनिटापासून तपासा. तेवढ्यात पॅनमध्ये दुप्पट सॉस तयार होतो.

उरलेले चॉप दोन तासांच्या आत सॉससकट डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस चांगले राहतात. परत गरम करताना अखंड चॉप तापवला तर तो हमखास वातड होतो. हाडापासून सोडवा, पातळ काप करा, सॉसमध्ये चमचाभर पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर वाफा येईपर्यंत तापवा. किंवा गरम करूच नका: थंड काप, थोडा मस्टर्ड आणि दोन पावाचे तुकडे, दुसऱ्या दिवशीचा डबा तयार.